सुरुवातीलाच भैरवी

माझ्या गुरुजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्यात मी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच भैरवी गायले. गाण्यातल्या माणसाला एवढं वाक्य पुरे आहे, तो कपाळावर हात मारून घेईल. बाकीच्यांसाठी सांगते. भैरवी हा मैफलीतला शेवटचा राग. ती गायली की मैफल संपली. तानपुरे गवसणीत जातात, तबलजी हातोडी पिशवीत टाकतो, आणि त्या मंचावर पुन्हा कुणी गात नाही. भैरवीनंतर गाणं म्हणजे जेवून, हात धुऊन परत पानावर बसणं. आणि ती गाण्याचा मान असतो त्या दिवशीच्या सर्वांत ज्येष्ठ गवयाचा. आधी नवशिके, मग मधले, शेवटी मोठे. कोण कितव्या नंबरावर बसलं यावरून त्याची किंमत सगळ्यांना कळते, तोंडानं सांगावी लागत नाही.

मी ही भैरवी का गायले, ते मात्र जरा मागून सांगावं लागेल.

माझे बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत होते. जयंतीच्या दिवसांत ते आमच्या वस्तीत पेटी घेऊन गात. आवाज रांगडा, पण सुराला पक्का. मी त्यांच्या मागे बसून ध्रुवपद ओढत असे. शाळेतल्या एका बाईंनी ते ऐकलं आणि बाबांना म्हणाल्या, हिला चांद्याला गुरुजींकडे घाला. बाबांनी जास्त विचार केला नाही. पाळी संपवून आले की आंघोळ करायचे आणि मला मोटरसायकलवर मागे बसवायचे. रस्ताभर ट्रक. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे आम्ही. घशात कोळसा जाऊ नये म्हणून आई माझ्या तोंडाला ओला रुमाल बांधून द्यायची. तरी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, पोचेपर्यंत तो रुमाल काळा झालेला असायचा. गुरुजी दारातच म्हणायचे, "आधी गुळण्या कर, मग आत ये." त्यांच्या अंगणातल्या नळाशी मी जेवढ्या गुळण्या केल्या, तेवढा षड्जसुद्धा लावला नसेल.

गुरुजी एका शाळेत संगीत शिकवत. परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत क्लास. गाणं अस्सल, नागपूरला वर्षानुवर्षं तालीम घेऊन मिळवलेलं. शिकवायचे मन लावून. मला त्यांनी कधी हातचं राखून शिकवलं नाही, हे मी आजही म्हणेन. त्यांच्या घरी सगळ्यांना ज्या कपात चहा मिळायचा त्याच कपात मलाही मिळायचा. हे मुद्दाम सांगते, कारण आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि कपाचं उत्तर मिळालं की त्यांचं समाधान होतं. पुढचं कुणी विचारत नाही.

काही वर्षं झाल्यावर गुरुजींनी ठरवलं की आता माझा गंडा बांधायचा. गंडा म्हणजे दोरा. गुरू शिष्याच्या मनगटाला रंगीत दोरा बांधतात, तोंडात गूळ-चणे घालतात, वाद्यांची पूजा होते, आणि त्या दिवसापासून तो त्यांचा खरा शिष्य. माझ्याबरोबर आणखी दोन मुलांचाही ठरला होता. मी आनंदानं घरी सांगितलं. बाबा दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर गुरुजींसमोर येऊन बसले.

"गुरुजी, माफ करा," बाबा म्हणाले. "आमच्या बापानं छप्पन साली चांद्यातच दीक्षा घेतली. हातातले, गळ्यातले सारे गंडेदोरे काढून फेकले त्यानं. आता माह्या पोरीच्या हाताले मी कसा दोरा बांधू देऊ? पोरगी गाऊन राह्यली, तिले गाऊ द्या. दोऱ्याचं काय काम हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजी हसून म्हणाले, "राहू द्या. तुमचा मान मोठा. शिकवायला दोरा लागत नाही."

बाबांनी हे वाक्य सगळ्या कॉलनीत सांगितलं. मानूस लय मोठा हाय म्हणायचे. पुढे कित्येक वर्षं कुणी गुरुजींचं नाव काढलं की बाबा तेच वाक्य ऐकवायचे. मीही ते जपून ठेवलं. त्या दोन मुलांचे गंडे झाले, मी पाहुण्यांना गूळ-चणे वाटले.

त्या दोघांपैकी एक पुढे डॉक्टर झाला, त्याचं चंद्रपुरातच मोठं हॉस्पिटल आहे. दुसरा इंजिनियर होऊन पुण्याला गेला. दोघंही सज्जन. वर्षातून एकदा गुरुपौर्णिमेला गातात, त्यामुळे त्यांचा आवाज नव्यासारखा राहिला आहे, वापरलाच नाही तर झिजणार कसा. बसायच्या आधी डॉक्टर मला हाक मारायचा, "तानपुरा लावून दे ना, तुझा कान चांगला आहे." मी लावून द्यायचे आणि मग तोच घेऊन त्याच्या मागे बसायचे.

मी गाण्यावरच पोट भरायचं ठरवलं. आमच्या भागात असं कुणी करत नाही, शहाणं माणूस तर नाहीच. चंद्रपुरातच राहायला आले आणि घरच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. उन्हाळ्यात कूलर लावला तर त्याच्या घरघरीत सूर ऐकू येत नाही, आणि बंद केला तर मुलं घामानं भिजतात. एका मे महिन्यात माझ्या तानपुऱ्याचा भोपळा तडकला. ते दुरुस्त करणारं गावात कुणी नाही. दुधी भोपळ्याच्या भावात विकून टाका म्हणाला एक पालक, आणि स्वतःच हसला. पालकांना स्पर्धा हव्यात. "म्याडम, टीव्हीवर जाईल एवढं शिकवा, बाकीचं राहू द्या." अलंकार पाठ होत नाहीत तोवर विचारतात, पोरगी कवा गाईल? जी मुलगी खरी गाऊ लागते ती बारावीला क्लास सोडते. मग रस्त्यात भेटली की पाया पडते आणि म्हणते, म्याडम, खूप मिस करते. हेही सवयीचं झालं आहे.

शनिवारी बसनं गडचांदूरला जाते. तिथल्या सिमेंट कॉलनीच्या हॉलमध्ये साहेबांच्या बायका शिकायला येतात. पेटीचं झाकण उघडायच्या आधी त्यावरची राखाडी भुकटी पुसावी लागते. त्यांना हळदीकुंकवाला म्हणता येतील अशी भजनं हवी असतात. एकदा सूरजागडच्या लोहखाणीच्या बाजूला, एटापल्लीच्या पलीकडे, मोठ्या साहेब लोकांसमोर गायला बोलावलं. गाडी पाठवली, शाल दिली, मान दिला. मी डोळे मिटून आलाप सुरू केला. जरा वेळानं एक जण वाकून अदबीनं म्हणाला, "म्याडम, माइक टेस्टिंग झालं असेल तर गाणं सुरू करता का?" तेव्हापासून मी बाहेर आलाप फार करत नाही. तबला आधी सुरू करायला सांगते, म्हणजे लोकांना कळतं की हे गाणं आहे.

हे सगळं मी सोसलं, आणि कुरकुर करत का होईना, पण चालवून घेतलं. सोसवलं नाही ते एकच. निवेदक कुठल्याही गायकाची ओळख करून देताना सांगतो, अमुकांचे शिष्य, तमुकांच्या शिष्या. आमच्या धंद्यात तेच आडनाव, तेच गाव, तीच डिग्री. मोठ्या महोत्सवाचे लोक फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात. माझ्या वेळी निवेदक म्हणायचा, "चंद्रपूरच्या सुप्रसिद्ध गायिका." सुप्रसिद्ध म्हणजे जिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही ती. मी गुरुजींची शिष्या असं स्वतःच्या तोंडानं लावून घेता येत नाही, ते गुरूनं म्हणावं लागतं. आणि गुरुजी कुणाशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ही आमच्याकडे येते."

येतं तर दूधवालाही.

डॉक्टर समोर आला की म्हणायचे, "हा माझा शिष्य." खांद्यावर हात ठेवून म्हणायचे. मी शेजारीच उभी असायचे. मला राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची. म्हातारपणी त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांचे तानपुरे मी लावले. त्यांची लहान मुलांची बॅच मी सांभाळली. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, आजारी असताना डबा नेला. हे उपकार म्हणून सांगत नाही, मला ते करायला आवडत होतं. पण प्रत्येक वेळी दारात कुणी पाहुणा उभा असला की माझे कान टवकारायचे, आणि गुरुजी म्हणायचे, "ही येते आमच्याकडे." मला एक शब्द हवा होता. चार लोकांत एकदा म्हणायचा, ही माझी शिष्या. बाबा गेले तोवरही तो शब्द आला नव्हता. जाताना बाबा गुरुजींनाच मोठा मानून गेले.

मग सहस्रचंद्रदर्शन ठरलं. गावानं समिती केली, नाट्यगृह घेतलं. शिष्यांचं गायन हा मुख्य कार्यक्रम. मला वाटलं, आता तरी. पुण्याचा येईल, डॉक्टर गाईल, आणि शेवटी मी. गुरुजींकडची तालीम सर्वांत जास्त माझी, गाणं रोजचं माझं. मी भैरवी काढली. गुरुजींनीच एका सबंध हिवाळ्यात रोज बसवून घेतलेली. पहाटे उठून घासायला लागले.

समितीच्या सचिवांचा फोन आला. हौशी माणूस, गाण्यातलं काही कळत नाही, पण कामाला वाघ.

"म्याडम, तुमचं पहिलंच ठेवलं आहे. दिवा लागला की लगेच तुम्ही. छोटंसंच गा काही. मंग गंडाबंध शिष्य सुरू होतीन."

"पहिलं काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"क्रम तं वरतूनच आला न. आम्हाले काय समजते त्यातलं."

वरतून म्हणजे गुरुजींकडून. मी तशीच चप्पल घालून त्यांच्याकडे गेले. ते आरामखुर्चीत बसले होते. मी सरळ विचारलं, कारण आडवळणानं बोलणं मला जमत नाही.

"गुरुजी, मला नवशिक्यांच्या जागेवर बसवलं?"

"नवशिक्यांच्या नाही," ते शांतपणे म्हणाले. "गंडाबंध शिष्यांचा क्रम ठरलेला असतो. तुझा गंडा झालेला नाही. त्यांच्या मधे किंवा मागे तुला कसं बसवणार? घराण्याची रीत आहे, मी मोडू शकत नाही."

"तुम्हीच बाबांना म्हणाला होता, दोरा लागत नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते आठवत होतं. "शिकवायला लागत नाही, असं म्हणालो होतो," ते म्हणाले.

मी पाया पडले आणि निघाले. काकूंनी चहा टाकला होता, तो घेतला नाही. वाटेत मला बाबांचा इतका राग आला की बास, आणि मग त्या रागाचाच राग आला. बाबांनी चुकीचं काय केलं होतं? त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, गुरुजींनी स्वच्छ हसून मान्य केलं होतं. त्या हसण्यात अर्धं वाक्य शिल्लक होतं, ते आम्हा बापलेकींना दिसलं नाही. आमच्याच डोळ्यांवर त्यांच्या मोठेपणाची पट्टी होती.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत गुरुजी, शेजारी काकू, मग डॉक्टर, पुण्याचा आणि बाहेरून आलेले दोन-तीन जाणकार. दिवा लागला. निवेदिका म्हणाली, "सुरुवात करताहेत चंद्रपूरच्या सुप्रसिद्ध गायिका." मी जाऊन बसले. तबल्यावर माझे जुने साथीदार होते. गणपतीपासून हॉटेलच्या उद्घाटनापर्यंत आम्ही सगळीकडे एकत्र वाजवलं-गायलं आहे.

"काय घेता, बाई? यमन?" त्यांनी हळूच विचारलं.

"भैरवी."

त्यांचा हात तबल्यावरच थांबला. "पागल झाल्या काय? आत्ताच तं दिवा लागला."

"माझ्यामागून कुणी गायचं नाही, म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले काही माहीत नाई," म्हणाले आणि ठेका धरला. त्यांचे मी फार आभार मानते. मागे तानपुऱ्यावर माझ्याच क्लासच्या दोन मुली होत्या, त्या घाबरल्या, पण तारा छेडत राहिल्या.

मी गायले. आणि वाईट नाही गायले. इतकं चांगलं मी त्याआधी गायले नव्हते, हे मला गातानाच समजत होतं. रागावून गायला बसले होते, पण कोमल रिषभावर राग टिकत नाही. गुरुजींनी दाखवलेली एकेक जागा जशीच्या तशी आली. मागच्या रांगांतून वाहवा येत होती, तिथल्या लोकांना वेळेचं काही पडलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत मात्र कुणी हलत नव्हतं. डॉक्टर मान खाली घालून बसला होता. पुण्याच्यानं शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, आणि एका जागेवर त्यांची मान हलली. ते मी पाहिलं, त्यात माझी चूक होत नाही.

संपलं. सचिव टाळ्या वाजवत मंचावर आले, "वा, काय सुरुवात झाली!" म्हणाले आणि डॉक्टरला या म्हणून खूण केली. डॉक्टर जागचा उठला नाही. पुण्याचाही नाही. भैरवीनंतर बसायची त्यांची छाती होईना. लोक चुळबुळ करू लागले. सचिव एकदा मंचावर, एकदा खाली, काय झालं म्हणून विचारत फिरत होते. मी उठले नव्हते. मी मांडी घालून बसले होते आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. आता गुरुजींना काहीतरी बोलावंच लागणार होतं. कार्यक्रम संपला म्हणावं, नाहीतर मला मोडीत काढावं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

गुरुजींनी माइक मागितला. डॉक्टरनं त्यांना धरून उभं केलं.

"मंडळी," ते म्हणाले, "ही माझी शिष्या आहे."

मी मान वर केली.

"लहानपणापासून माझ्याकडेच शिकली. गळा गोड आहे, तुम्ही ऐकलाच. आज जरा चुकली. केव्हा काय गावं हे तिला अजून नीट उमगलेलं नाही. शिकवण्यात मीच कमी पडलो म्हणा. माझ्याकडे पाहून तिला पदरात घ्या, आणि ही भैरवी झालीच नाही असं समजून पुढचा कार्यक्रम चालू करा."

लोक हसले. प्रेमानंच हसले, लेकरू अडखळलं की हसतात तसे. मग टाळ्या पडल्या. गुरुजी माझ्याकडे पाहत होते. त्यांना सगळं समजलं होतं. ती भैरवी त्यांनीच शिकवली होती, कधी गायची तेही त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी चुकणारी नाही हे त्या नाट्यगृहात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझा माइक चालूच होता. तोंडासमोर होता. एवढंच म्हणायचं होतं, गुरुजी, मी चुकले नाही, जाणूनबुजून गायले. शब्द जिभेवर आले होते. पण तसं म्हटलं असतं तर पहिलं वाक्यही त्यांना तिथल्या तिथे परत घ्यावं लागलं असतं. चुकली म्हणूनच तर ती शिष्या होती. मी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि उठून मुलींसह मंचामागे गेले. डॉक्टर येऊन बसला. तानपुरा उतरला होता, त्यानं मला हाक मारली, मी तो लावून दिला.

आता महोत्सवाच्या लोकांना मी सांगू शकते, कुणाची शिष्या ते. गुरुजींनी साऱ्या गावासमोर म्हटलं आहे, साक्षीदार नाट्यगृहभर आहेत. परवा एका पालकानं आपल्या बायकोला क्लासच्या दारातच माझी ओळख करून दिली. "ह्या गुरुजीच्या शिष्या," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "त्याच ह्या, ज्यांले भैरवी कवा गातेत ते मालूम नाई."